लाडके नट जातात तेव्हा : मराठी रसिकांच्या शोकाची शंभर वर्षे

१/
८ ऑगस्ट २०२४ ची रात्र. कोल्हापुरातील संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. बघता बघता रंगमंच आणि छप्पर ज्वाळांनी वेढले गेले. बातमी कळताच शहरातले कलावंत, पडद्यामागचे कामगार, जुने प्रेक्षक धावत आले आणि रस्त्यावर उभे राहून उघडपणे रडले. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती.

२/
केशवराव भोसले ४ ऑक्टोबर १९२१ रोजी निवर्तले. त्या रात्री तेथे जमलेल्यांपैकी एकानेही त्यांना रंगभूमीवर पाहिलेले असणे शक्य नव्हते. तरीही ते अश्रू खरे होते. मग ते नेमके कोणासाठी होते? आपल्या उमेदीच्या वयात ज्यांनी आपल्याला हसवले, गुंगवले, त्यांच्या जाण्याचा शोक समाज कसा करतो आणि तो किती काळ टिकतो, हे समजून घ्यायचे तर १९०१ ते २००४ या काळातील काही मृत्यूंकडे पाहावे लागते. (थ्रेड)

३/
पहिले नाव भाऊराव कोल्हटकर. जन्म १८६३, बडोद्याचा. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले. दोनच वर्षांनी भाऊराव किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले. त्याच साली आलेल्या 'सौभद्र' नाटकातील त्यांच्या सुभद्रेने महाराष्ट्राला वेड लावले. स्त्रीभूमिका पुरुषांनीच करण्याचा तो काळ होता.

४/
रसिक त्यांना लाडाने 'भावड्या' म्हणत. या एका नावात त्या काळाचा मोठा विरोधाभास दडलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'नाटक्या' हा शब्द पांढरपेशा घरांत शिवीसारखा वापरला जाई. मुलगा नाटक कंपनीत गेला की घराण्याला बट्टा लागला असे समजत. आणि तीच माणसे रात्री तिकीट काढून नटाला घरातल्या मुलासारखी हाक मारत. ज्याला उंबऱ्याच्या आत घ्यायचे नाही, त्याला काळजात मात्र जागा होती.

५/
१३ फेब्रुवारी १९०१ रोजी भाऊराव गेले. चाळिशीही गाठली नव्हती. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग कलकत्त्यात आला. गौहर जानचा आवाज त्याने मुद्रित केला आणि हिंदुस्थानात ध्वनिमुद्रिकांचा व्यवसाय सुरू झाला. अवघ्या पावणेदोन वर्षांचे अंतर. तेवढ्या अंतराने भाऊरावांचा आवाज इतिहासातून निसटला.

६/
त्यामुळे भाऊरावांसाठी झालेला शोक हा फक्त कानांचा होता. ज्यांनी त्यांना ऐकले, त्यांच्यापाशीच तो राहिला. त्यांनी तो आठवणींतून, लेखांतून, पुढच्या पिढीच्या गाण्याशी तुलना करकरून जपला. पण ऐकणारा शेवटचा माणूस गेला त्या दिवशी भाऊराव दुसऱ्यांदा गेले. आज त्यांच्याविषयी वाचता येते. त्यांना ऐकता येत नाही. न ऐकलेल्या आवाजासाठी गळा दाटून येणे कठीण असते.

७/
किर्लोस्कर मंडळीतील ती रिकामी जागा भरून निघायला १९०५ उजाडावे लागले. त्या वर्षी नारायण श्रीपाद राजहंस नावाचा तरुण मंडळीत आला. 'बालगंधर्व' ही पदवी त्याला लोकमान्य टिळकांनी दिली असे परंपरा सांगते. त्याच सुमारास, १ जानेवारी १९०८ रोजी, हुबळीत केशवराव भोसल्यांनी 'ललितकलादर्श' ही स्वतःची नाटक मंडळी काढली. तेव्हा केशवराव अठरा वर्षांचेही नव्हते.

८/
पुढची बारा-तेरा वर्षे महाराष्ट्रातले रसिक या दोन नावांत वाटले गेले. एकाचा आवाज लडिवाळ, दुसऱ्याचा बुलंद. दोघांचे चाहते एकमेकांशी हमरीतुमरीवर येत. अशा वेळी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात अशक्य वाटणारी गोष्ट घडली. टिळक स्वराज्य फंडासाठी दोन्ही मंडळ्यांनी मिळून 'संयुक्त मानापमान' केले. धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व.

९/
तो प्रयोग पाहिलेल्यांनी त्याची आठवण आयुष्यभर जपली. त्या आठवणीला एवढी धार आली ती मात्र नंतरच्या घटनेमुळे. प्रयोगानंतर तीन महिनेही उलटले नाहीत तोच केशवराव विषमज्वराने गेले. वय ३१. ८ जुलैच्या रात्री टाळ्या वाजवणाऱ्यांना आपण एका निरोपाला हजर होतो याची कल्पना नव्हती. ऑक्टोबरात ती आली, आणि आनंदाची आठवण क्षणात शोकाची झाली.

१०/
भाऊरावांच्या आणि केशवरावांच्या मृत्यूंत एक महत्त्वाचा फरक पडला. केशवरावांच्या मागे त्यांची संस्था उभी राहिली. 'ललितकलादर्श'ची धुरा बापूराव पेंढारकरांनी घेतली. १९३७ मध्ये तेही गेले, तेव्हा पुढे त्यांचे पुत्र भालचंद्र पेंढारकर यांनी ती वाहिली. भालचंद्र पेंढारकरांचे निधन २०१५ मध्ये झाले. म्हणजे केशवरावांनी लावलेले रोप जपणारा माणूस एकविसाव्या शतकापर्यंत हयात होता.

११/
आणि कोल्हापूरने आपल्या सुपुत्राला घर दिले. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत १९१५ साली उभे राहिलेले पॅलेस थिएटर पुढे केशवरावांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. आवाज विरला होता, पण नाव रोज उच्चारले जात राहिले. 'आज केशवरावला कोणते नाटक आहे?' असे विचारताना कोल्हापूरकर नकळत एका दिवंगत गायकाचे नाव घेत असे.

१२/
तरुणपणी गेलेला नट प्रेक्षकाच्या मनात कधी म्हातारा होत नाही. केशवराव कायम ३१ वर्षांचे राहिले. बालगंधर्वांच्या वाट्याला याच्या उलट आले. ते जगले आणि त्यांच्या रसिकांना त्यांचे म्हातारपण पाहावे लागले. म्हणून त्यांच्यासाठीचा शोक दोनदा झाला. पहिला ते हयात असतानाच.

१३/
त्या प्रेमाची खोली कळण्यासाठी १२ मार्च १९११ ची घटना पुरेशी आहे. 'मानापमान'चा पहिला प्रयोग मुंबईत ठरलेला होता आणि त्याच दिवशी नारायणरावांची लहान मुलगी वारली. प्रयोग रद्द झाला नाही. बाप भामिनीचा वेष करून रंगभूमीवर उभा राहिला. समाज नटासाठी कसा रडतो, हा या थ्रेडचा विषय. पण प्रेक्षकांच्या आनंदासाठी नटाने आपले रडणे गिळले, अशी ती रात्र होती.

१४/
१९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली. १९१६ मध्ये 'स्वयंवर'मधील रुक्मिणी आली, १९१९ मध्ये 'एकच प्याला'मधील सिंधू. ते साडी कशी नेसतात, अंबाडा कसा घालतात, दागिने कसे मिरवतात, हे पाहून प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया आपला साज ठरवू लागल्या. स्त्रीने कसे दिसावे हे एका पुरुषाकडून शिकणारा समाज! एका पिढीचे तारुण्य त्या रूपाशी जोडले गेले.

१५/
मग काळ फिरला. १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला. त्यात दुर्गा खोटे होत्या. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर संस्थेचे 'आंधळ्यांची शाळा' आले. त्यात स्त्रीभूमिका स्त्रियांनीच केल्या. बालगंधर्वांची मंडळी कर्जाने वाकली होती. १९३५ मध्ये 'प्रभात'च्या 'धर्मात्मा' चित्रपटात ते एकनाथ झाले. लोकांनी डोळ्यांत साठवलेली भामिनी पडद्यावर संताच्या रूपात आली.

१६/
पुढे ते पुन्हा रंगभूमीवर परतले. शरीर स्थूल झाले होते, वय दिसत होते, गळा मात्र सुराला चिकटून होता. ज्यांनी १९११ ची भामिनी पाहिली होती ते प्रयोगाला येत आणि म्हणे डोळे मिटून ऐकत. ही दंतकथा मानली तरी तिच्यातले सत्य उघड आहे. समोरच्या वृद्ध नटात लोक आपले हरवलेले वीस-बावीसचे वय शोधत होते. पुढे पाय अधू झाले, रंगभूमी सुटली, उरली ती भजने. हा पहिला शोक. त्यात कोणी मेले नव्हते, फक्त एक काळ गेला होता.

१७/
या काळात एक नवे साधन मात्र हाताशी होते. भाऊरावांना जे मिळाले नाही ते बालगंधर्वांना भरभरून मिळाले होते : ध्वनिमुद्रिका. अर्थात त्यांनाही मर्यादा होती. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेच मावत. रंगभूमीवर 'वन्समोअर'च्या आरोळ्यांत जे पद रात्र उलटवत असे, त्याचा तो केवळ अर्क होता. तरीही नातवाला बोलावून 'हे ऐक' असे म्हणण्याची सोय झाली. शोकाला वारस मिळाला.

१८/
तो वारसा कसा चालतो याचे उदाहरण म्हणजे कुमार गंधर्व. १९६५ मध्ये त्यांनी 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम केला. तेव्हा बालगंधर्व हयात होते. कुमारांचा जन्म १९२४ चा. बालगंधर्वांचा बहराचा काळ ओसरत असताना ते लहान होते. तरीही त्यांनी त्या गायकीचा अभ्यास करून ती आपल्या बुद्धीने मांडली. नक्कल टाळली आणि ऋण मान्य केले. श्रद्धांजली मृत्यूनंतरच वाहायची असते असे नाही, हे त्यांनी दाखवले.

१९/
८ ऑक्टोबर १९६२ रोजी पुण्यातील नव्या नाट्यगृहाची कोनशिला खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसवली गेली. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बालगंधर्व रंगमंदिराचे उद्घाटन झाले २६ जून १९६८ रोजी, म्हणजे त्यांच्या जन्मदिवशी. आपल्या नावाच्या वास्तूचा पाया त्यांनी पाहिला, पडदा वर जाताना पाहिला नाही.

२०/
१९६७ मध्ये कोण रडले असेल, याचा हिशेब मांडता येतो. १९११ मध्ये जो वीस वर्षांचा होता तो आता ७६ वर्षांचा झाला होता. त्याच्यासाठी हा स्वतःच्या तारुण्याच्या शेवटच्या साक्षीदाराचा मृत्यू होता. याउलट १९६७ मधला वीस वर्षांचा तरुण 'अश्रूंची झाली फुले'मधल्या लाल्यावर, म्हणजे काशिनाथ घाणेकरांवर फिदा होता. त्याला आजोबांचे डोळे पाणावलेले दिसले असतील, पण कारण पूर्णपणे उमगले नसेल. त्याची पाळी आली २ मार्च १९८६ रोजी. दौऱ्यावर असताना अमरावतीत घाणेकर गेले आणि ते दुःख त्याला अनुभवाने कळले.

२१/
बालगंधर्वांच्या निधनानंतर पाच महिन्यांनी, २४ डिसेंबर १९६७ रोजी, 'कट्यार काळजात घुसली' या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत जितेंद्र अभिषेकींचे, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. गळ्यातली विद्या कोणाची, ती कोणाला द्यायची, हाच त्या नाटकाचा विषय. संगीत नाटक संपले असे म्हणत उसासे टाकणाऱ्यांच्या समोरच ते नव्या अंगाने उभे राहत होते. शोकात बुडालेल्या पिढीला पुष्कळदा हे दिसत नाही.

२२/
आतापर्यंतचा शोक लिहिला गेला, कारण लिहिणारे त्याच वर्गातले होते. पण सगळ्यांचा शोक लिहिला जात नाही. पठ्ठे बापूराव, मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, यांनी जातीची चौकट मोडून दलित समाजातील पवळाबरोबर तमाशाचा फड गाजवला. मुंबईच्या गिरणगावाने त्यांच्या लावण्या डोक्यावर घेतल्या. १९४५ मध्ये त्यांचा शेवट हलाखीत झाला. त्या दिवशी एखाद्या गिरणी कामगाराला आपल्या तरुणपणातल्या रात्री आठवल्या असतील, तर त्याची नोंद घ्यायला कोणी बसले नव्हते.

२३/
तीच कथा तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर यांची. प्रयोग चालू असताना बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभी राहिलेली ही कलावती अख्ख्या ग्रामीण महाराष्ट्राची लाडकी. राष्ट्रपतींकडून सन्मान झाला तरी अखेरचे दिवस आर्थिक विवंचनेत गेले. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या. आज राज्य शासन त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते. कोणत्या कलावंतासाठी मोठ्याने रडायचे आणि कोणासाठी मनातल्या मनात, हेही समाज ठरवत असतो. इतिहासाच्या अभ्यासकाने ते नोंदवले पाहिजे.

२४/
आता शेवटचा मृत्यू. १६ डिसेंबर २००४. लक्ष्मीकांत बेर्डे मुंबईत गेले. वय अवघे ५०. मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी करता करता रंगभूमीवर आलेला हा नट 'टुरटुर' नाटकाने प्रकाशात आला आणि 'धूमधडाका' (१९८५), 'अशी ही बनवाबनवी' (१९८८), 'झपाटलेला' (१९९३) यांनी घराघरात पोहोचला. जब्बार पटेलांच्या 'एक होता विदूषक' (१९९२) या चित्रपटाची पटकथा पु. ल. देशपांड्यांची. त्यात हसवणाऱ्या माणसाचे एकटेपण लक्ष्मीकांतनी दाखवले. पण लोकांना 'लक्ष्या'च हवा होता.

२५/
पुन्हा लाडाचे नाव. 'भावड्या' ते 'लक्ष्या'! शंभर वर्षांत नटाला घरातला माणूस मानण्याची ही सवय सुटली नाही. बदलले ते एवढेच की १९०१ मध्ये नट उंबऱ्याबाहेर होता आणि २००४ पर्यंत दूरदर्शन संचातून तो खरोखरच दिवाणखान्यात येऊन बसला होता. सुभद्रेच्या वेषातला पुरुष पाहून एक पिढी मोहित झाली. 'बनवाबनवी'तल्या पार्वतीच्या वेषातला पुरुष पाहून दुसरी पोट धरून हसली.

२६/
लक्ष्मीकांतांचा आवाज, चेहरा, धांदल, सगळे मुद्रित आहे. २००४ नंतर जन्मलेली मुलेही त्यांचे संवाद पाठ म्हणतात. मग शोक कशाचा? १९८० च्या दशकात वाढलेल्या माणसाला विचारावे. त्याला चित्रपट आठवण्याआधी मे महिन्याची दुपार आठवते, भाड्याने आणलेला व्हीसीआर, शेजारच्यांनी भरलेली खोली, आज हयात नसलेले वडील आणि त्यांचे हसणे. चित्रपट पुन्हा लावता येतो. ती खोली पुन्हा भरत नाही.

२७/
भाऊरावांचा आवाज कोणत्याच साधनात उरला नाही. केशवरावांना संस्थेने आणि वास्तूने जपले, बालगंधर्वांना तबकडीने, लक्ष्मीकांतांना चित्रफितीने. साधने वाढत गेली तशी कला टिकण्याची मुदत वाढली. शोक मात्र कमी झाला नाही, कारण तो पहिल्यापासून दोघांसाठी होता : गेलेल्या नटासाठी आणि त्याला प्रथम पाहणाऱ्या, आता पुन्हा न भेटणाऱ्या आपल्या स्वतःसाठी.

२८/
म्हणूनच ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरकर रडले. कोणी त्या रंगमंचावर शाळेच्या स्नेहसंमेलनात पहिला संवाद म्हटला होता, कोणी आईचे बोट धरून पहिले नाटक तेथे पाहिले होते. जळत होते ते त्यांचे बालपण. पण त्या बालपणाला एक नाव होते, आणि ते नाव १९२१ मध्ये गेलेल्या एका ३१ वर्षांच्या गायकाचे होते. नाट्यगृह पुन्हा उभारण्याचे काम त्यानंतर हाती घेतले गेले. तेथे जी मुले पहिले नाटक पाहतील, तीही 'केशवरावला गेलो होतो' असेच सांगतील.

(समाप्त)